‘डावीकडून’ म्हणजे कुणाच्या? विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकमधल्या एका विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात मी रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे पत्रकारितेची पदवी होती, दैनिकातला थोडा अनुभव होता आणि आपल्याला इथे लिहायला बोलावलंय असा समज होता. पहिल्या महिन्यात लिहिलं कमी. कुलसचिवांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून नस्तीवर (म्हणजे फाइलवर) सही व्हायची वाट मात्र भरपूर बघितली. बातमी लिहायला वीस मिनिटं लागतात. तारीख पक्की आहे का, पाहुण्यांचं पदनाम काय, हे आधी कुणी कुणाला कळवलंय का, एवढं विचारून घ्यायला दीड दिवस जातो. तो दीड दिवस निम्म्यावर कसा आणायचा, यासाठी हा लेख.

तुमच्या दारावर ‘जनसंपर्क अधिकारी’ लिहिलेलं असेल, किंवा खासगी विद्यापीठात असाल तर ‘मार्केटिंग अँड कम्युनिकेशन्स’. काम उन्नीस-बीस तेच.

१. आपलं विद्यापीठ नेमकं कुठलं, ते पाठ करा

हसू नका. नाशिकमध्ये हा खरा घोळ आहे. गोवर्धन शिवारात, गंगापूर धरणाच्या अलीकडे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ चं. दिंडोरी रस्त्याला म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ चं. राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची महाविद्यालयं त्याला जोडलेली. शहरातली कला, वाणिज्य, विज्ञानाची बहुतेक महाविद्यालयं मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, आणि त्याचं उपकेंद्र नाशिकला. शिवाय त्र्यंबक रस्त्यावर खासगी विद्यापीठ आहे. पालकांच्या लेखी हे सगळं मिळून एकच: ‘नाशिक विद्यापीठ’.

त्यामुळे तुमच्या टेबलावरचा फोन वाजेल आणि समोरून विचारतील, “बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल कधी?” तुमच्याकडे बीकॉम असेलच असं नाही. ‘हे आमचं नाही’ म्हणून फोन ठेवला, तर तो माणूस आणखी चार ठिकाणी फिरून पुन्हा तुमच्याकडेच येतो, आणि आता तो चिडलेला असतो. इतर विद्यापीठांच्या परीक्षा विभागांचे आणि चौकशी कक्षांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा. माझ्या टेबलावरचा तो कागद तीनदा लॅमिनेट करून झाला.

दुसरी गोष्ट पदांची. सार्वजनिक विद्यापीठात कुलपती म्हणजे राज्यपाल. खासगी विद्यापीठात कुलपती बहुधा संस्थेकडचे, म्हणजे पायाभरणीपासून भूमिपूजनापर्यंत सगळीकडे दिसणारे. एकीकडून दुसरीकडे नोकरी बदललेली माणसं इथे हमखास चुकतात. आणि कुलगुरू लिहिताना शेवटचा रू दीर्घ, पण ‘कुलगुरुपद’ लिहिताना ऱ्हस्व. हे मला एका निवृत्त मराठीच्या सरांनी फोन करून सांगितलं, तेही बातमी छापून आल्यावर.

२. हाताशी काय काय हवं

रुजू झाल्यापासून पंधरा दिवसांत हे सगळं एका फोल्डरमध्ये जमवा. कुणी आणून देणार नाही, मागत फिरावं लागेल.

- सगळ्या अधिकाऱ्यांची, अधिष्ठात्यांची (म्हणजे डीनची), विभागप्रमुखांची यादी: पूर्ण नाव, पदनाम, ‘प्रा.’ की ‘डॉ.’ की दोन्ही. मराठीत आणि इंग्रजीत, ज्याची त्याच्याकडून तपासून घेतलेली.
- बोधचिन्हाची मूळ फाइल. वेबसाइटवरून उतरवलेलं छोटं चित्र दहा फुटी फ्लेक्सवर नेलं की दगडावरच्या शेवाळासारखं दिसतं.
- मान्यतापत्रं: यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), नॅक (संस्थेचा दर्जा तपासून श्रेणी देणारी परिषद), ज्या त्या अभ्यासक्रमाची परिषद. प्रत्येकावर ‘कधीपर्यंत’ ही तारीख लाल शाईने.
- विद्यापीठाची एका पानात माहिती. वार्ताहर ऐनवेळी हेच मागतात.
- शिक्षण ‘बीट’ बघणाऱ्या वार्ताहरांची, छायाचित्रकारांची आणि जिल्हा माहिती कार्यालयाची यादी. दर तीन महिन्यांनी नवी करा, कारण वार्ताहरांच्या बदल्या होतात.
- गेल्या वर्षीच्या दीक्षान्त समारंभाची अख्खी नस्ती. ही मिळाली तर निम्मं काम शिकून झालं समजा.
- छपाईचे आणि जाहिरातीचे मंजूर दर.

३. पहिला आठवडा खुर्चीत बसू नका

विद्यापीठात माहिती जिथे तयार होते, तिथून ती आपणहून तुमच्याकडे चालत येत नाही. परीक्षा विभागात निकालाची तारीख ठरते, विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती पोचते, वार्ताहर तुम्हाला विचारतो, आणि तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळतं. यात कुणाचा दुष्टावा नसतो. तुम्हाला सांगायचं असतं, हे त्यांच्या कामाच्या यादीतच नसतं.

म्हणून जाऊन ओळखी करा. परीक्षा विभागातले कक्ष अधिकारी, आवक-जावकचा लिपिक, वेबसाइटवर मजकूर चढवणारा मुलगा, कुलगुरूंचे स्वीय सहायक, सभागृहाची किल्ली सांभाळणारे काका. आणि वाहनचालक. उद्या ओझरला विमानतळावर कुणाला आणायला गाडी जाणार आहे, हे चालकाला तुमच्या आधी माहीत असतं.

रोज सकाळी साडेदहाला एक फेरी मारायची सवय मी लावून घेतली. विचारायचं एकच: “आज काही बाहेर जाणारंय का?” पहिले दोन महिने लोक ‘नाही’ म्हणाले. मग हळूहळू तेच हाक मारायला लागले.

४. नावं: इथे घाई केली तर मेलात

माझ्या दुसऱ्याच महिन्यात ग्रंथप्रदर्शनाचं उद्घाटन होतं. व्यासपीठावर सात जण. मी मंचाच्या मागच्या बाजूला उभी राहून, बसलेल्या क्रमाने, वहीत सातही नावं टिपली. संध्याकाळी छायाचित्राखाली ‘डावीकडून’ असं लिहून ती जशीच्या तशी पाठवली. आता विचार करा: मी होते मंचामागे, कॅमेरा होता समोर. माझी डावी ती वाचकाची उजवी. दुसऱ्या दिवशी दोन दैनिकांत ग्रंथपालांच्या चेहऱ्याखाली वित्त व लेखा अधिकाऱ्यांचं नाव, आणि प्रमुख पाहुण्या बाईंच्या खाली एका अधिष्ठात्यांचं. सातांतलं मधलं, चौथं नाव तेवढं बरोबर आलं. ते कुलगुरूंचं होतं, म्हणून मी वाचले.

तेव्हापासूनची पद्धत सांगते. नावं मोबाइलमधल्या छायाचित्रावरूनच लिहायची, आठवणीवरून नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक नावावर बोट ठेवून चेहरा बघायचा. ओळखू न येणारा माणूस फोटोत असेल, तर ‘व इतर मान्यवर’ लिहून मोकळं होण्याआधी निदान दोघांना विचारायचं. कारण तो ‘इतर’ माणूस व्यवस्थापन परिषदेचा सदस्य निघतो. नेहमीच निघतो.

पाहुण्यांची नावं त्यांच्या लेटरहेडवरून घ्या. ‘कुलकर्णी’ सोपं आहे. नावातल्या आद्याक्षरांचा क्रम, ‘श्रीमती’ की ‘डॉ.’, माजी की विद्यमान, इथे पाय घसरतो. निमंत्रणपत्रिकेत नावांचा क्रम तुम्ही ठरवायचा नाही. तो कुलसचिव कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी सांगितलेला क्रम छापून आल्यावर कुणालाच आठवत नाही.

गावांची नावंही तपासत जा. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, आणि पुणे विद्यापीठाच्या नावाआधी ‘सावित्रीबाई फुले’ लागलं ते २०१४ पासून. जुनं माहितीपत्रक ‘फक्त साल बदलून’ छापायला देणारे या तिन्ही ठिकाणी सापडतात.

५. प्रेसनोट

देशदूत, गावकरी ही नाशिकची आपली दैनिकं. लोकमत, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स वगैरेंच्या इथल्या आवृत्त्या. प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या, पण संध्याकाळी पाचच्या आत बातमी पोचली तर तिला जागा मिळायची शक्यता असते. तालुक्याची पानं त्याही आधी लागतात. सात वाजता पाठवून साडेसातला ‘घेतली का?’ म्हणून फोन करू नका. मी त्या बाजूला बसलेली आहे, असा फोन करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

पहिल्या दोन वाक्यांत काय झालं, कुणासाठी, पुढे काय, एवढं आलं पाहिजे. आपल्याकडे प्रेसनोटची सुरुवात दीपप्रज्वलनापासून होते आणि ‘आभार मानले’ला संपते, मधे कुठेतरी नवा अभ्यासक्रम सुरू झाल्याची खबर दडलेली असते. उपसंपादकाने ती शोधावी अशी अपेक्षा धरू नका. वरिष्ठ म्हणतील, व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पहिल्या परिच्छेदात हवीत. वाद घालू नका. दोन प्रती करा: नावांसकट सविस्तर प्रत विद्यापीठाच्या वेबसाइटला, आटोपशीर प्रत दैनिकांना. दोन्हींवर एकदमच सही घ्या.

मजकूर ईमेलमध्येच चिकटवा, नुसती पीडीएफ पाठवू नका. कुणी पुन्हा टाइप करणार नाही. छायाचित्रं वेगळी जोडा, वर्ड फाइलमध्ये घुसवू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर ती दाबून बारीक होतात. प्रत्येक फाइलला नाव द्या. ‘आयएमजी_४५२१’ नावाच्या सहा फायली मिळालेल्या उपसंपादकाने चुकीची लावली, तर दोष त्याचा नाही.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, या शहरात प्रत्येक संस्थेचा मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी तुमच्या ग्रंथदिंडीला कुणी वाली नसतो. त्या आठवड्यात आधी किंवा नंतर काही घ्या, असं सुचवून बघा. मी दरवर्षी सुचवते.

६. फॉन्टचं दुखणं

हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत आणि रोज छळतं. कार्यालयात अजून निम्मी यंत्रं श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांवर चालतात, वेबसाइटला युनिकोड लागतो, आणि छापखान्यात काय आहे ते देव जाणे. एकातून दुसऱ्यात नेताना मजकूर वरवर ठीक दिसतो, पण ‘ऱ्या’ची वाट लागलेली असते, अवतरणचिन्हांची भलतीच अक्षरं झालेली असतात आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला असतो. रूपांतरानंतर ‘विद्यार्थ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘कार्यक्रम’ हे तीन शब्द शोधून बघा. ते शाबूत असतील तर बाकीचं बहुधा शाबूत असतं.

फ्लेक्सचं आणखी वेगळं. डिझाइन करणाऱ्याच्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू नसेल, तर ‘विद्यापीठ’मधली पहिली वेलांटी व च्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि द-य सुटे होऊन मधे पाय मोडलेला दिसतो. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कम्पोझर निवडावा लागतो, फोटोशॉपमध्येही तशाच नावाचा पर्याय आहे. भाषा मराठी निवडली नाही तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. डिझायनरला सांगितलं की तो म्हणतो, “मॅडम, वाचता येतंय ना?” वाचता येतं. पण भाषेच्या कार्यक्रमाचा फलक असेल तर त्याचाच फोटो काढून लोक फिरवतात.

छपाईला जाण्याआधी कागदावर प्रूफ काढा आणि ज्याने मजकूर कधीच वाचलेला नाही अशा माणसाला द्या. आमच्याकडे शिपाई मामा वाचतात. त्यांनी एकदा निमंत्रणपत्रिकेत वार आणि तारीख जुळत नसल्याचं काढलं. चौघा अधिकाऱ्यांच्या सह्या त्याच्यावर आधीच झालेल्या होत्या.

७. प्रवेशाची जाहिरात

मे-जूनमध्ये हे काम अंगावर कोसळतं. तपासायच्या गोष्टी:

नॅकची श्रेणी चालू आहे का? ती साधारण पाच वर्षांची असते. मुदत संपलेली श्रेणी फलकावर मिरवत राहणं ही फार मोठ्या नावाजलेल्या ठिकाणीही दिसणारी चूक आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर यूजीसीची मान्यता त्या अभ्यासक्रमाला, त्या सत्रासाठी आहे ना? ‘मिळणारच आहे’ यावर जाहिरात सोडू नका.

‘१०० टक्के नोकरीची हमी’ लिहा म्हणून दबाव येईल. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, शिक्षणसंस्थांसाठी वेगळे नियम आहेत. पुरावा नसलेला नोकरीचा दावा त्यांत बसत नाही. मी सरळ सांगते, “सर, प्लेसमेंट विभागाकडून सहीची यादी द्या, लगेच टाकते.” यादी अजून आलेली नाही. गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो टाकताना त्यांची लेखी संमती घ्या, आणि तो विद्यार्थी खरंच आपल्याकडचा आहे याचीही खात्री करा.

निवडणुकीची आचारसंहिता विसरू नका. विधानसभा-लोकसभेची सगळ्यांच्या लक्षात असते. नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची निवडणूक लागली की पाचही जिल्ह्यांत ती लागू होते, हे मात्र विसरतं; आणि मतदार असतात आपलेच प्राध्यापक आणि आपलेच माजी विद्यार्थी. मंत्र्यांचा फोटो असलेलं पान वेबसाइटवर तसंच राहिलं की पत्र येतं.

कार्यादेश (वर्क ऑर्डर) हातात आल्याशिवाय छपाईला हिरवा कंदील देऊ नका. ‘तुम्ही छापा, मंजुरी मागाहून येते’ या वाक्यावर विसंबून माझं एक बिल आठ महिने लटकलं होतं. छापखानेवाले मालक दर सोमवारी यायचे, चहा घ्यायचे, काही न बोलता जायचे. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

८. पाऊस, पूर आणि खोटं परिपत्रक

जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याचे फोटो फिरतात. पाठोपाठ फिरतं ‘उद्याची परीक्षा रद्द’ असं परिपत्रक. बऱ्याचदा ते खरंच असतं, फक्त मागच्या कुठल्यातरी वर्षाचं.

यावर उपाय पुराच्या आधी करायचा असतो. प्रत्येक परिपत्रकाच्या चित्रावर जावक क्रमांक आणि तारीख, सालासकट, ठळक हवी; ‘उद्या’, ‘सोमवारी’ असे शब्द कधीच नकोत. परीक्षा पुढे ढकलली नसेल, तर ‘परीक्षा ठरल्याप्रमाणेच होणार’ हेसुद्धा लेखी टाका. गप्प राहिलात की मुलं परिपत्रकावरच विश्वास ठेवतात. त्या रात्री सही कोण करणार, ते घरी कुठे राहतात, फोन लागला नाही तर दुसरं कोण, हे जूनमध्येच ठरवून ठेवा.

पेपरफुटी, आंदोलन, रखडलेला निकाल अशा वेळी वार्ताहर तुमच्याशी ओळख असल्यामुळे ‘आपल्यात’ म्हणून विचारतात. जे छापून आलेलं चालणार नाही ते बोलू नका. ‘परीक्षा विभागाकडून माहिती घेऊन सहा वाजता कळवते’ म्हणा, आणि सहाला खरंच कळवा, माहिती मिळाली नसेल तर तसं कळवा. कुणी माहिती अधिकारात काही मागितलं, तर ते काम जन माहिती अधिकाऱ्याचं. त्याला तीस दिवसांची मुदत असते. तुम्ही मधे पडून अर्धवट आकडे देऊ नका.

९. समारंभ

राज्यपाल येणार असतील तर मिनिटामिनिटाचा कार्यक्रम राज्यपालांच्या कार्यालयाच्या संमतीने ठरतो, त्यात तुम्हाला वाव नाही. तुमचं काम वार्ताहरांना बसायला जागा, वीज आणि भाषणाची प्रत मिळेल एवढं बघायचं. २०२३ पासून राज्यगीतही असतं, ध्वनिफीत आधी वाजवून बघा. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्या वर्षी पाहुण्यांच्या खोल्या, मंडप, गाड्या यांचं आत्तापासून बोलून ठेवा. द्वारका चौक एरवीही पाहुण्यांना अर्धा तास उशीर करवतो.

१०. ‘एक छोटंसं बॅनर, आजच’

हे वाक्य रोज दुपारी चारला ऐकू येईल. विभागाची कार्यशाळा उद्या, त्यांना बॅनर, प्रमाणपत्र, फेसबुकची पोस्ट, सगळं आज हवं. ‘नाही’ म्हटलं तर वर्षभर तुमच्याशी कुणी बोलत नाही, ‘हो’ म्हटलं तर रोजच चार वाजतात. मी एक साधा अर्ज केला: कार्यक्रमाचं नाव, तारीख, पाहुणे, मजकूर कुणी तपासला, कधी हवं. विभागप्रमुखांची सही. तीन दिवस आधी. सहीची जागा ठेवली आणि तातडीची कामं बरीच कमी झाली, कारण सही मागायला गेल्यावर विभागप्रमुखांनाच कार्यशाळेचा पत्ता नसायचा.

११. छायाचित्रं जपून ठेवा

हे कंटाळवाणं वाटेल, पण करा. नॅकची तयारी सुरू झाली की पाच वर्षांचे कार्यक्रम मागतात, आणि फोटोवर तारखेसोबत ठिकाणही हवं असतं. छायाचित्रकाराच्या मोठ्या कॅमेऱ्यातल्या सुंदर फोटोंवर ते बहुधा नसतं. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमात स्वतःच्या मोबाइलवर जीपीएस मॅप कॅमेरा सुरू करून किमान चार फोटो काढा: मंच, फलक, प्रेक्षक, हजेरीपत्रक. मोबाइलमधली तारीख बरोबर आहे ना तेही बघा. फोल्डरला नाव साल-महिना-दिवस आणि मग कार्यक्रम, या क्रमाने. हार्ड डिस्क दोन ठेवा, एक कार्यालयात आणि दुसरी वेगळ्या इमारतीत. आमची दुसरी सभागृहाच्या काकांच्या कपाटात असते, सतरंज्यांच्या खाली.